पुढच्या मोसमाची पोरं

“लिही. मुरलीचा संघ. उंची आहे, अक्कल नाहीं.”

तनयानं हसत ते तंजावरी मराठी इंग्रजीत टाइप केलं, जरा सभ्य करून. वादिराजमामा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. अड्यारच्या त्या घरात रविवारची दुपार कलली की समुद्राकडून वारा येई, पडदे फुगत, आणि मग जागं कोण नि झोपेत कोण, काही पत्ता लागत नसे.

खेळ ऑनलाइन बास्केटबॉलचा. स्वतः धावायचं नाही, नुसता संघ चालवायचा. खेळाडू घ्यायचे, विकायचे, सराव द्यायचा, सामने संगणक खेळतो. हे वेड मामांना तनयानंच लावलेलं. जॉर्ज टाउनमधल्या जहाज कंपनीतून निवृत्त झालेला हा माणूस आधी नाक मुरडत होता, मग जेवायलाही उठेना. त्यांच्या लीगमध्ये मोसम सुरू होण्याआधी कुणीतरी एकानं सगळ्या संघांची पारख लिहायची रीत होती. यंदा पाळी मामांची. ते सांगणार आणि वरच्या मजल्यावरची भाडेकरू लिहिणार.

भाडेकरू कसली! सांगलीहून नोकरीला आलेली ही मुलगी सरोजामामींच्या हातचं रसम पिऊन पिऊन घरचीच झाली होती. तेच आता गळ्याशी आलं होतं. तिनं पुण्याची नोकरी घेतली होती, पुढच्या महिन्यात निघायचं होतं, आणि हे या दोघांना सांगायला तोंड उघडत नव्हतं. रोज ठरवायची, रोज कॉफी पिऊन गुपचूप वर जायची.

“मामा, तुमचा संघ?”

“तो शेवटीं. माझा वेंकोबा म्हातारा झाला, सुब्बाचा गुडघा गेला. काय लिहिणार, कपाळ!”

मामांनी खेळाडूंची नावं बदलून आपल्या तंजावरच्या चुलत्यांची ठेवली होती. या वेंकोबाला तनयानं कधी पाहिलं नव्हतं, पण अशा दुपारी तो बाहेर चपला काढत असावा असं वाटायचं.

“आतां तुझा,” मामा म्हणाले. “हा मोसम हाच संघ जिंकणार.”

“खरंच?”

“जिंकणार. पुढच्या मोसमांत याचें काय होणार, तें मात्र कोणी पाहिलेलें दिसत नाहीं.”

तनयाची बोटं थांबली.

“लिही की. सगळे तिशीच्या पुढचे घेतलेस. सराव देऊन देऊन वाढवलेली पोरं विकून टाकलीस. श्रीवत्स गेला, रंगा गेला.” मामांनी डोळे उघडले. “ज्याला राहायचें तो पोरं विकत नाहीं गे.”

नव्या नोकरीत हा खेळ सुटणारच होता; त्याआधी एकदा तरी करंडक जिंकायचा, एवढाच तिचा हट्ट होता. कसलेले खेळाडू घेतले की तो पुरा होणार होता, आणि पोरांना वाढवायला पुढे वेळ होता कुणाला? तिचा संघ वाचणारा माणूस रोज समोरच्या खुर्चीत बसतो, हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“कधीं?” मामांनी विचारलं.

“पुढच्या महिन्यात. पुण्याला.” “मी सांगणारच होते, मामा. रोज सांगणार होते. जीवच होत नव्हता.”

“कळलें मला. पोरं बाजारांत आलीं त्या दिवशींच कळलें.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पंख्याकडे बघत राहिले. तनयाला फार वाईट वाटलं.

“आतां माझा संघ उघड.”

तिनं उघडला. वेंकोबा, सुब्बा, नारायणस्वामी. त्यांच्याखाली श्रीवत्स. रंगा. तिनं विकलेलं एकूण एक पोर तिथे होतं.

“अहो, हे काय केलंत! ही अजून कच्ची आहेत. तुमचा संघ तळाला जाईल.”

“जाऊं दे. कोणी तरी सांभाळायला नक्को?”

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं ओढणीनं पुसलं, तोच सरोजामामी कॉफीचे पेले घेऊन आल्या.

“तनया, यंदा नवरात्रांत कोलूच्या वरच्या पायरीवर बाहुल्या तूंच मांडायच्या. माझा हात पोंचत नाहीं.”

मामांनी एकदा तनयाकडे पाहिलं. तिनं लॅपटॉप मिटला, उठून मामींच्या हातातले पेले घेतले आणि स्टुलावर ठेवले.

“मामी, जरा बसा ना. तुम्हाला एक सांगायचंय.”

मामींचा चेहरा एकदम उजळला. पदर सावरत त्या ऐसपैस बसल्या.

“अय्यो! लग्न ठरलें कीं काय गे?”

मामांनी आपली खुर्ची हळूच मामींच्या जवळ ओढली.