राळेचं बूच

तारापूरच्या बंदरावर कमलाकांतची ऐट काही औरच. होड्यांच्या फटी कापूस आणि गरम राळेनं भराव्यात त्यानंच. मग दर्याचा थेंब आत येईल तर शपथ! कुणी घाईनं कुजक्या फळीवर राळ थापली की हा खेकसायचा, "आधी कुजकं खरवड रे गाढवा, मग भर!"

त्याच्या बायकोची, शकूची, दाढ किडली तेव्हा हे शहाणपण कुठं गेलं कोण जाणे. दाढेतून पू यायचा, तोंडाला घाण मारायची. नारळी पुनव आठ दिवसांवर, चार होड्यांच्या फटी भरायच्या बाकी, आणि घरात हिचं कण्हणं. बोईसरच्या डॉक्टरनं बजावलं होतं, दाढ काढा, हे विष अंगभर जाईल. कमलाकांत हसला.

"दाढेचं दुखणं दाढेत. अंगाचा काय संबंध? भोक हाय, बुजवलं की झालं."

"अवो, आतलं कुजकं तरी आधी काढा," शकू म्हणाली. "फळीचं काढता ना?"

"फळी बोंबलत नाय. तू बोंबललीस तर सगळी आळी गोळा होईल. आ कर गो!"

राळेत बुडवलेली कापसाची वात त्यानं दाढेत कोंबली आणि अंगठ्यानं दाबून धरली. शकूनं त्याचं मनगट ओरबाडलं, तरी त्यानं सोडलं नाही. पू थांबला, वास गेला. दोन दिवस गडी बंदरभर तेच सांगत फिरला.

तिसऱ्या दिवशी शकूचा गाल सुजला, मग गळा. अंग तापानं फणफणलं, थुंकी गिळवेना. बोटं घालून ती दाढ उकरायला लागली. मेलीला कामाची किंमतच नाय! कमलाकांतचं डोकं फिरलं. त्यानं तिचे हात बाजेला बांधले आणि होडीवर निघून गेला.

संध्याकाळी तिचा श्वास घरघरायला लागला तेव्हा कुठं त्याची पाचावर धारण बसली. अणुशक्तीच्या बांधकामावरचा रिकामा ट्रक पालघरला चालला होता, त्यात तिला घातलं.

"विष रक्तात गेलंय," पालघरचे डॉक्टर म्हणाले. "पुवाला बाहेर यायची वाट होती, ती कुणी बुजवली?" चिमटा घालून ते ओढत होते, एकदा, दोनदा. बूच हलेना. आणि त्या क्षणीही कमलाकांतची छाती जराशी फुगली. काम पक्कं होतं.

"तिनंच घातलं," तो म्हणाला.

शकूनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. जीभ सुजून टाळूला लागली होती, बोलणार कशी?

बूच निघालं, पू भळभळा वाहिला. तोवर शकूचा श्वास थांबला होता.

डॉक्टरांनी ते बूच कापसावर ठेवलं. मग त्यांची नजर कमलाकांतच्या नखांत अडकलेल्या राळेवर गेली. कमलाकांतनं हात पाठीमागं लपवले.