कालव्याकाठचं आमंत्रण

या, असे जवळ या. एसीच्या झोताखाली कशाला बसता, सांधे धरतील. इकडं सतरंजीवर सरका. देवाचं नाव घ्या आणि एक गोष्ट ऐका. आधीच सांगून ठेवलेलं बरं, ही गोष्ट गोड नाही. हिच्यात राक्षस नाही, दरोडेखोर नाही, कुणी कुणावर हात उगारत नाही. सगळी आपल्यासारखीच माणसं, पाडव्याला श्रीखंड करणारी. म्हणूनच कान देऊन ऐका.

अबुधाबीजवळच्या मुसफ्फात गाड्यांच्या गॅरेजांच्या रांगेत इद्रीसचं सायकलींचं वर्कशॉप आहे. तिथं खैरुद्दीन कामाला. वय अठ्ठावन्न, गाव जयगडच्या खाडीकाठी, अबुधाबीत येऊन एकवीस वर्षं झालेली. चाक उचलून कानाजवळ फिरवायचा आणि डोळे मिटून सांगायचा, कुठली तार ढिली आहे ते. गावी बायको हाफिजा आणि ब्याऐंशी वर्षांची आई, मरियमबी. दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळायची. त्या सुट्टीपर्यंतचे दिवस मरियमबी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून मोजायची.

खलिफा सिटीतल्या सहा मराठी मंडळींचा एक सायकलवाला ग्रुप होता. म्होरक्या नीरव, इथंच वाढलेला, मोठ्या हुद्द्यावरचा. त्याची बायको दिया. बाकीचे चौघं त्यांचे मित्र. दर शनिवारी सकाळी अल वथबाच्या ट्रॅकवर फिरायचे आणि बिघाड झाला तर सोबत असावा म्हणून खैरुद्दीनला हत्यारांच्या पिशवीसकट पिकअपमध्ये बसवून न्यायचे.

एका शनिवारी ट्रॅकजवळ चहा पिताना त्यांचा बेत शिजला. जूनमध्ये फ्रान्स. तुलूझपासून समुद्रापर्यंत साडेतीनशे वर्षांचा जुना कालवा, दुतर्फा झाडं, काठानं कच्ची वाट. सायकलवरून जायचं, गावागावात थांबायचं, किल्ले बघायचे, चीज खायचं. दियानं फोनवर फोटो दाखवला. खैरुद्दीन तिची साखळी पुसत होता, त्यानं मान लांब करून पाहिलं.

"ही वाट खडीची आहे मॅडम. हे टायर नाय चालायचे. रुंद लागतील."

"बघ! फ्रान्स न बघता सांगितलं," नीरव हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "चाचा, तुम्हीपण चला की आमच्याबरोबर! आमचे ऑफिशियल टीम मेकॅनिक!"

"हो ना, चाचा पायजेतच," दिया म्हणाली. "यल्ला, चला, फिक्स!"

आता इथं गोष्टीची गाठ आहे. आपल्यात निघता निघता दारात म्हणायची रीत आहे, 'या हं एकदा जेवायला'. समोरचा म्हणतो, 'येऊ की'. चपला घालेपर्यंत दोघंही ते विसरतात आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही. खैरुद्दीनच्या खाडीवर ही रीत नाही. तिथं तरीवर, होडीच्या धक्क्यावर, कुणी 'चल' म्हटलं की होडी थांबते. तुमचं गाठोडं बांधून होईतो, म्हातारीला हात देऊन चढवेतो, होडी थांबते. बोलावून पुढं निघून गेलेल्या नाखव्याच्या होडीत मग कुणी बसत नाही.

तिसऱ्या दिवशी खैरुद्दीन धुतलेला शर्ट घालून नीरवच्या व्हिलाच्या दारात उभा राहिला आणि खिशातून पासपोर्ट काढून दोन्ही हातांनी पुढं केला. "साहेब, व्हिसासाठी. फोटोपण आत ठेवलेत."

नीरवनं त्याच्याकडं पाहिलं, दियाकडं पाहिलं. एक शब्द बोलायचा होता, 'चाचा, मी गमतीत म्हटलं.' त्या क्षणी माणूस खजील झाला असता, हसून परत गेला असता, रात्री थोडा रडला असता. पण नीरवला वाईट दिसायचं नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात. त्या दारात ती क्रौर्याची आई झाली.

"द्या ना," तो म्हणाला. "ग्रुपबरोबर टाकतो."

"बोटांचे ठसे द्यायला यायला लागतं ना?"

"कॉल येईल तुम्हाला."

दार लागल्यावर आतून हसू ऐकू आलं. खैरुद्दीनला वाटलं, आनंदाचं असेल. आनंदाचंच होतं ते.

इद्रीसनं मात्र भुवया उंचावल्या. "हबीबी, ती लोकं तोंडदेखलं बोलतात. तू गाठोडं बांधायला लागलास होय?"

"साहेबानं पासपोर्ट घेतलाय. उगाच कोण घेईल?"

"बरं बाबा, मेकॅनिक ऑफ फ्रान्स! येताना मला एक मेम घेऊन ये, तिच्याकडून पंक्चर काढून घेईन."

बकरी ईदला गावी जायच्या सुट्टीवर खैरुद्दीनचं नाव होतं. ती त्यानं सोडली आणि त्याच्या बदल्यात जूनचे बारा दिवस मागून घेतले. आईला फोनवर सांगताना त्याचा आवाज चोरटा झाला.

"अम्मा, रागावलीस?"

"रागावू कशाला? रेघा पुसते नि नव्या ओढते. पण त्या कालव्यात भरती-ओहोटी असते का रे?"

"नाय अम्मा. पाणी उभंच. पण चढावर होडी कशी नेतात माहीत आहे? दोन दारांच्या मधी होडी घेतात, दारं लावतात, पाणी सोडतात. पाणी वर, होडी वर. मग पुढचं दार. पाण्याचा जिनाच म्हण. एका गावात तर अशा आठ पायऱ्या आहेत."

"अल्ला! पाण्याला पायऱ्या!" म्हातारी हरखली. "जा. बघून ये. मग माझ्याजवळ बसून समदं सांग."

त्यानं गावांची नावं पाठ केली. कार्कासोनचा किल्ला दुहेरी तटाचा, बेझिएला नदीवरून कालवा पुलानं जातो. सहाही सायकली त्यानं खोलल्या, रुंद टायर चढवले, ब्रेक बदलले, विमानासाठी खोक्यांत अशा बांधल्या की काचसुद्धा सुखरूप जाईल. प्रत्येक खोक्यात जोडायचं चित्र काढून ठेवलं. 'मी असेनच, पण असू दे,' म्हणाला. फोन वरच्या खिशात ठेवायचा. ठशांसाठी कॉल येणार होता.

कॉल आला नाही. निघायच्या आदल्या दिवशी खोकी न्यायला नीरव आला तेव्हा म्हणाला, "चाचा, तुमचा अजून प्रोसेसमध्ये आहे. एम्बसीतच आहे पासपोर्ट. तुम्ही मागून या, आपण कालव्यावर भेटू. इन्शाल्ला!"

तो पासपोर्ट त्याच्याच घरातून कधी हलला नव्हता.

मंडळी गेली. त्यांच्या 'कालवा गँग' या व्हॉट्सॲप ग्रुपवर खैरुद्दीनलाही घेतलेलं होतं. फोटो यायला लागले. हिरवं पाणी, होड्यांवरच्या कुंड्यांत फुलं, दगडी कमानीखाली सहा हेल्मेटं. खैरुद्दीन प्रत्येकाला अंगठा द्यायचा. लिहायचा, "टायरमधी हवा जरा कमी ठेवा." त्याची बॅग भरून खाटेखाली तयार होती.

सोमवारी सकाळी हाफिजाचा फोन आला. "अम्मा पडल्या. डावी बाजू गेलीय. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस, फार तर तीन. तोंडात तुमचंच नाव आहे. या."

इद्रीसनं तिथल्या तिथं संध्याकाळचं तिकीट काढलं. खैरुद्दीननं नीरवला फोन लावला.

"साहेब, माझी अम्मा जाते आहे. मला फ्रान्स नको. पासपोर्ट तेवढा कुठं आहे सांगा."

पलीकडं पाण्याचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं. नीरवनं आता जर खरं सांगितलं, तर तीन महिन्यांचं खोटं उघडं पडणार होतं आणि तेही सगळ्या ग्रुपसमोर.

"चाचा, सो सॉरी... एम्बसीतच आहे. व्हिसा सेंटरला विचारा ना. टेक केअर हं, आणि अम्मांना सांभाळा."

फोन बंद झाला. पाच मिनिटांनी ग्रुपवर दियानं दोन हात जोडल्याचं चित्र टाकलं, 'प्रेयर्स फॉर चाचाज मदर'. त्याच्याखाली लगेच दुसरा फोटो, बदामी रंगाच्या चीजचा. खाली लिहिलेलं, 'हेवन!'

सोमवारचं विमान गेलं. सेंटरच्या दारावरचा गार्ड म्हणाला, अपॉइंटमेंटशिवाय आत सोडत नाही. मंगळवार गेला. इद्रीस म्हणाला, "भारताच्या एम्बसीतून तात्पुरता कागद काढू," पण पासपोर्ट हरवला असं सांगायचं तर पोलिसाचा कागद लागतो, आणि फ्रान्सच्या एम्बसीत आहे म्हणावं तर ते विचारणार, मग हरवला कुठं? खोटं बोलायला खैरुद्दीन तयार होईना. "साहेब सांगतात तिथं आहे, तर आहे." घरून हाफिजाचा फोन तासातासाला. "विचारतात हो, आला का म्हणून. मी सांगते, विमानात बसलाय. किती वेळ विमानात बसवू तुम्हाला?"

बुधवारी अकराला इद्रीसनं ओळख काढून त्याला काउंटरपर्यंत पोचवलं. तिथल्या मुलीनं नाव टाइप केलं, पुन्हा टाइप केलं.

"अंकल, इस नाम से कोई एप्लिकेशन ही नहीं है।"

"ग्रुप में देखो बेटा. छह लोग. नीरव साहब."

"छह हैं। सातवाँ कोई नहीं है।"

खैरुद्दीन काउंटरची कड धरून उभा राहिला. मग बाहेर आला आणि टॅक्सीवाल्याला म्हणाला, खलिफा सिटी. वाटेत त्यानं ठरवलं होतं, कुलूप असलं तर फोडायचं. पोलीस आले तर येऊ देत.

कुलूप नव्हतं. बेल वाजवल्यावर दार उघडलं ते नीरवच्या आईनं, मनोरमाबाईंनी. घरात एकट्याच होत्या. फोनवर कीर्तन लावलेलं होतं, बुवांनी नुकती चाल धरली होती. त्यांनी आवाज बारीक केला.

"बाई, माझा पासपोर्ट इथं आहे का? खैरुद्दीन नाव."

"आहे की! दोन-अडीच महिने झाले," त्या म्हणाल्या. "टेबलावर लोळत होता. महत्त्वाची वस्तू, म्हणून मीच देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. नीरव म्हणाला, आल्यावर देईन त्यांना. का हो? चेहरा असा का?"

त्यांनी पासपोर्ट आणून दिला. कापराचा वास येत होता त्याला. खैरुद्दीननं पानं उलटली. त्याचे फोटो आत टाचणीला तसेच होते.

"बाई, तुम्ही सोमवारपासून घरातच होता?"

"मी कुठं जाणार? घरातच."

"एक फोन केला असता साहेबांनी, तर तुम्ही दिला असता?"

"म्हणजे काय, रिक्षा... टॅक्सी करून स्वतः आणून दिला असता! काय झालंय, सांगा तरी."

तो सांगणार तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हाफिजा होती. रडत नव्हती, रडून झालं होतं.

"खलास झालं," ती म्हणाली. "अर्ध्या तासापूर्वी. मौलवीसाहेब विचारतात, असरच्या नमाजानंतर दफन करायचं, का तुमच्यासाठी थांबायचं? उकाडा आहे. तुम्ही सांगाल तसं."

खैरुद्दीननं हातातल्या पासपोर्टकडं पाहिलं. आजचं विमान संध्याकाळचं होतं, गावात पोचेपर्यंत उद्याची दुपार. मनोरमाबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या, त्यांना एव्हाना सगळं कळलं होतं.

"थांबवू नका तिला," तो म्हणाला. "पुष्कळ थांबली. माती द्या."

"तुमच्या नावानं पहिली मूठ कोण टाकेल?"

"शेजारचा कुणी असेल तो."

तो पायरीवर बसला. मनोरमाबाईंनी पाणी आणलं. पेला त्याच्या हातात दिला. त्यांनी मुलाला फोन लावला, नीरवनं उचलला नाही. त्या वेळी ते लोक बेझिएला पाण्याच्या पायऱ्या बघत होते. मात्र खैरुद्दीनच्या फोनवर नीरवचा निरोप तेवढ्यात येऊन पडला.

'चाचा, मिळाला का पासपोर्ट? डोन्ट वरी, सगळं नीट होईल. आणि नेक्स्ट इयर आम्ही हॉलंड करतोय. तुम्ही पायजेतच!'

बरं, मंडळी, आता उठायच्या आधी एवढं करा. आज संध्याकाळी देवापाशी हात जोडाल, कुणी नमाजाला उभं राहाल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांमागोमाग एक नाव घ्या. मरियमबी. अर्धं अंग गेलेलं असताना अडीच दिवस ती उजवा डोळा दाराकडं लावून पडली होती, आणि तिला शेवटपर्यंत वाटत होतं की मुलगा विमानात आहे. तिची आठवण ठेवा.