ज्याला कुणी धरून नाही

"पोरी, काल कंपनीची माणसं आली आणि कर्ण्यात विमानतळावरची बाई आणून बसवली," ज्योतिबाकाका फोनवर म्हणाले. "मधू गेला आता गेटवरनं."

मधुकरराव गेले त्याला चार महिने होत आले होते. पण द्रोणागिरीच्या त्या गोदामाच्या गेटवर ते कालपर्यंत बोलत होते. कंटेनरचे ट्रेलर रांगेत उभे असायचे आणि कर्ण्यातून त्यांचा रेकॉर्ड करून ठेवलेला, साताऱ्याकडचा जाड आवाज एकेक आकडा सुटा करून गाडी बोलवायचा. "चार. सात. शून्य. दोन. गेट दोनवर या. सावकाश." शेवटचा शब्द कंपनीने सांगितलेला नव्हता. एकदा एका क्लीनरचा पाय चाकाखाली आला, तेव्हापासून त्यांनी तो आपणहून घातला आणि साहेबांनी सांगूनही काढला नाही.

घरात त्यांचा आवाज कुठेच नव्हता. लग्नकार्यांच्या व्हिडिओंत ते कॅमेऱ्याच्या मागे, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते अंगठे. एकदा जाऊन रेकॉर्ड करून आणू, असं त्यांची मुलगी उत्कर्षा म्हणायची आणि पुढे ढकलायची. त्या रांगेत उभं राहून बाबांना ऐकायची तिची छाती होत नव्हती. फोन ठेवला तेव्हा आई समोरच बसली होती. जयमालाबाई एवढंच म्हणाल्या, "मला एकदा ऐकव गं." नवरा गेल्यापासून त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

करंजाड्याहून ती दुपारी गोदामावर पोचली. ज्योतिबाकाकांनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. ते आणि मधुकरराव एकाच तालुक्यातले, एकाच केबिनमध्ये उन्हाळे काढलेले.

"साहेबांना सांगितलंय मी. मधूची मुलगी म्हटल्यावर काय बोलतील? बघ तुला काय बघायचं ते."

तिने आधी केबिनमधल्या कॉम्प्युटरची डिस्क पाहिली. नव्या आवाजाच्या फायली त्याच नावांनी जुन्यांवर टाकलेल्या होत्या. बाबा तिथून पुसले गेले होते.

"काका, काल हा गाड्या बोलवायचा प्रोग्रॅम बंद करून परत चालू केला का?"

"छ्या! बाहेर ही रांग. चालू गाडीतच ड्रायव्हर बदलला म्हण. एक बटण दाबलं नि झालं."

उत्कर्षाचा हात माऊसवर थांबला. म्हणजे ते अजून असू शकत होते.

प्रोग्रॅम जावा या भाषेत लिहिलेला होता आणि ऐरोलीच्या ऑफिसात तिचा दिवस जावातच जायचा. असा प्रोग्रॅम थेट यंत्राशी बोलत नाही. मध्ये एक कारभारी असतो, त्याला रनटाइम म्हणतात. प्रोग्रॅमची भाषा तो यंत्राला समजावतो, लागेल तशी मेमरीत जागा देतो आणि जागा कमी पडू लागली की नको असलेलं झाडून टाकतो. बाबांनीच एकदा शेंगा सोलता सोलता विचारलं होतं, "पन काय लागतं नि काय नाय, हे त्याला कसं कळतं?"

"ज्याला कुणीच धरून नाही, ते लागत नाही, असं तो समजतो," ती म्हणाली होती. "प्रोग्रॅममधून एखाद्या गोष्टीपर्यंत जायचा धागाच उरला नाही, की ती कचरा."

"आनि लगेच फेकतो?"

"लगेच नाही. झाडायची वेळ आली की."

"मग बरा हाय," बाबा म्हणाले होते आणि सोललेले दाणे तिच्यापुढे सरकवले होते.

कालपासून प्रोग्रॅमने नवी बाई धरली होती, बाबांना सोडलं होतं. पण मेमरी भरपूर आणि काम थोडं. कारभाऱ्याने अजून झाडू उचलला नव्हता. मेमरीची जशीच्या तशी नक्कल फायलीत उतरवून घेतली, तर बाबांच्या आवाजातले ते आकडे तीतून वेचता आले असते. "सावकाश"सुद्धा.

"हाय का गं?" काकांनी हळू आवाजात विचारलं.

"आहेत, काका. आहेत बहुतेक."

तिने आज्ञा लिहिली. ऑफिसात दर आठवड्याला लिहायची तशीच, बोटांनीच लिहिली आणि एंटर दाबलं.

मग तिने ती ओळ वाचली.

ऑफिसात नक्कल घेताना फक्त वापरात असलेलं मागायचं, म्हणजे फाइल लहान होते, अशी पद्धत होती. बोटांनी तेच मागितलं होतं. आणि वापरात काय आहे ते नक्की करायला कारभारी आधी सगळा कचरा झाडून काढतो, मग नक्कल देतो. हे तिला ठाऊक होतं. नव्या मुलांना हे तीच शिकवायची.

पडद्यावर मेमरीचा आलेख झपकन खाली आला.

फाइल लहानशी निघाली. तिने ती उघडून पाहिली. दुसऱ्यांदा नक्कल घेतली, या वेळी सगळ्याची. आतून प्रत्येक तुकडा कर्ण्यावर लावून पाहिला. शून्यापासून नऊपर्यंत ती बाईच होती, गोड, स्वच्छ.

काका दाराशी उभे होते. "ए बयो, भेटला का मधू?"

तिने नाही अशी मान हलवली. ते आत आले नाहीत. गार झालेला चहा त्यांनी बाहेर ओतला आणि कप धुवायला गेले.

रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. खुर्चीच्या हातावर बाबांच्या कोपराने झिजलेली जागा होती. तिने तिथे हात ठेवला, मग काढून घेतला.

फोन वाजला. आई. तो वाजत राहिला, थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. तेव्हा तिने उचलला.

"मिळालं ना गं? लाव की. मी पंखा बंद करून बसलेय."

उत्कर्षाने तोंड उघडलं. त्याच वेळी कर्णा वाजला. नऊ, एक, एक, सहा, कृपया गेट क्रमांक दोनवर यावे. बाहेर एका ट्रेलरने जोरात रेस केली आणि धूळ काचेवर येऊन बसली.

पलीकडे आई श्वास धरून ऐकत होती.

"ही कोण गं?" तिने विचारलं. मग थोडं थांबून, "त्यांचं कधी येईल?"