पाटी काढलेला तुकडा

ऑस्ट्रेलियात बोवेनच्या एका मळ्यात आम्ही वानुआतू बेटांवरच्या अकराजणी ढोबळी मिरची तोडायचो. मी टोळीची मुकादम. लेविया माझ्या बहिणीची मुलगी. तिला चौथा महिना होता. मळेवाल्याला कळलं तर परत पाठवतील, म्हणून तिने फक्त मलाच सांगितलं होतं.

"मुलगा आहे की टारोचा कंद?" मी चिडवायचे.

"तुझ्यासारखी बडबडी असेल तर मुलगीच," ती म्हणायची.

फवारणी झालेल्या तुकड्यावर लाल पाटी लागायची. ती असेपर्यंत आत जायचं नाही, एवढं आम्हाला शिकवलं होतं. त्या सकाळी सात नंबरच्या तुकड्यावरची पाटी काढलेली होती. आदल्या संध्याकाळी तिथे ट्रॅक्टर फिरताना मी स्वतः पाहिला होता.

"मावशी, पानं ओली आहेत. वासही येतोय."

वास मलाही आला होता. पण मळेवाला बांधावर उभा होता, आणि कुरकुर करणाऱ्या मुकादमाला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत.

"दव आहे गं. हात चालव."

तिने हात चालवले. दहाच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, तोंडातून लाळ गळायला लागली, मग उलट्या. मी तिचे कपडे उतरवून तिला नळाखाली धरलं. दवाखान्यात विचारलं, औषध कोणतं? मला नाव माहीत नव्हतं. मळेवाला फोन उचलेना.

लेविया वाचली. तिसऱ्या दिवशी पोट रिकामं झालं. मुलगी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फवारणीमुळेच झालं असं खात्रीने सांगता येणार नाही.

"मावशी, तुला खरंच दव वाटलं होतं?"

"नाही."

ती भिंतीकडे वळून झोपली.

सोमवारी मी टोळी बांधावरच थांबवली. "काय फवारलं, कधी फवारलं, लिहून लावा. मगच आत जाऊ."

"तू नको येऊस. बाकीच्या येतील," मळेवाला म्हणाला.

मी मागे पाहिलं. नऊजणी बादल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या होत्या. दुपारी शेडच्या दारावर कागद लागला.

पुढच्या हंगामात त्या नऊजणींना बोलावणं आलं, मला नाही. मी आता न्गुना बेटावर, आमच्या गावातच असते. तिकडून त्यांचा फोन येतो: "कागद रोज लागतो, दोनदा तर आम्हीच आत जायला नकार दिला."

मी म्हणते, बरं झालं. लेविया तेव्हा जवळ असली, तर उठून बाहेर जाते.