हातावरचं दही

गुडगावच्या नव्या मल्टिप्लेक्समध्ये शुभदानं अहिल्याबाईंना मधल्या रांगेत बसवलं आणि कौतुकानं कानात सांगितलं, "बघ हं आई, आता तुझं येईल." अहिल्याबाई सावध झाल्या. लेक एवढ्या लाडानं बोलली की समजावं, आता काहीतरी अंगाशी येणार.

सिनेमा एका संस्थानातल्या दिवाणाच्या खुनाचा, स्वातंत्र्याच्या आगेमागे घडलेल्या. अभिनेत्यांना मराठी घरातल्या रीतीभाती शिकवायचं काम शुभदाला मिळालं होतं. दिल्लीत वाढलेल्या या बाईला रीतीभाती त्या काय ठाऊक! नऊवारी नेसवायलासुद्धा तिनं सरोजिनी नगरातली जुनी शेजारीण बोलावली होती.

एक रीत मात्र तिला पक्की ठाऊक होती. पडद्यावर परकरातली मुलगी वाटी घेऊन दारात आली आणि तिथं उभ्या असलेल्या तरुणाच्या हातावर तिनं दही घातलं. तरुणानं ते चाटलं, सदरा वर करून कमरेचं पिस्तूल तिला दाखवलं, आणि ती हसली. पुढच्याच दृश्यात दिवाण रक्ताच्या थारोळ्यात पडला.

दही खरं होतं आणि ती मुलगी म्हणजे अहिल्याबाई. गरीब विद्यार्थ्याला आठवड्यातला एक वार जेवू घालायची तेव्हा चाल होती. श्याम नावाचा असाच एक विद्यार्थी त्यांच्याकडे गुरुवारी यायचा. त्या दिवशी म्हणाला, "परीक्षेला निघालोय." चांगल्या कामाला निघालेल्याच्या हातावर दही घालतात, म्हणून तिनं घातलं. संध्याकाळी बातमी आली, श्यामनं दिवाणाचा खून केला.

त्यानंतर जन्मात त्यांनी कुणाच्या हातावर दही घातलं नाही. नवऱ्याच्या बढतीला नाही, शुभदाच्या बारावीला नाही. लेकीनं त्यावरून उभा दावा मांडला, "सगळ्यांच्या आया घालतात, तूच कशी दगड?" तेव्हा एकदाच, विश्वासानं, त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं होतं. हेच त्यांचं चुकलं.

घरी येऊन पंख्याचं बटण दाबायच्या आधीच त्यांनी विचारलं, "पिस्तूल कुठून आणलंस गं?"

"डायरेक्टरनं घातलं. अगं, नुसत्या दह्यानं काय होणार? लोकांना ड्रामा लागतो, यार."

"मला काही माहीत नव्हतं, शुभदा."

"अच्छा, मग? उद्या सकाळी चॅनेलवर मी सांगणार आहे, ती मुलगी म्हणजे माझी आई. सगळे हादरतील!"

अहिल्याबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. "मग हेही सांग, की तिला ठाऊक नव्हतं. एवढं एक वाक्य बोल."

"बिल्कुल नाही. मग सीनमध्ये उरलं काय?" शुभदानं पर्स सोफ्यावर आपटली. "आणि तू मला शिकवूच नकोस. बारावीला रिकाम्या हातानं पाठवलंस मला. ते विसरले नाहीये मी."

त्या खुनशी पोरीपुढं आणखी काय बोलायचं? अहिल्याबाई आपल्या खोलीत गेल्या.

सकाळी शुभदा रेशमी साडी नेसून लिफ्टपाशी उभी होती. खाली चॅनेलची गाडी आली होती. अहिल्याबाई वाटी आणि चमचा घेऊन दाराबाहेर आल्या. शुभदा बघतच राहिली. चाळिशी ओलांडलेली ती बाई, पण चेहरा एकदम शाळकरी झाला.

"आई? माझ्यासाठी?" तिचा हात आपसूक पुढे आला.

अहिल्याबाईंनी तळव्यावर चमचाभर दही घातलं.

"तेव्हा मला माहीत नव्हतं, तो कुणाला तरी मारायला निघालाय," त्या म्हणाल्या. "आज माहीत आहे, तू कुणाला मारायला निघालीस. चाट."

लिफ्ट आली, दार उघडलं आणि थोड्या वेळानं मिटलं. शुभदा तळवा पुढे धरून तिथंच उभी होती. दही मनगटावरून ओघळून साडीवर सांडत होतं.