शहाळ्यातलं मेण

“दुखलं म्हणायचं नाही हं. ऊस चाव, डोळे मीट, आणि उठलीस की हस.”

आईचा तो आवाज मेन सुलीच्या कानात अजून ताजा होता. गाव तिला लेकीच्या नावानं ओळखे, मेन सुली, म्हणजे सुलीची आई. रीतीप्रमाणे लग्नाआधी तिच्या वरच्या सहा दातांवर कानस फिरली, काम-क्रोधादी सहा रिपू म्हणे भुकटी होऊन शहाळ्यात पडले. ती उठली, हसली. कानस जरा खोल गेली होती, ते मात्र पोटातच राहिलं.

आता सुलीचं लग्न ठरलं होतं आणि ती कानशीच्या नावानं थरथरत होती. त्यातून तिची दाढ किडून गाल सुजलेला. म्हणून मायलेकी कानशीविना, मंत्रानं सुळे नमवणाऱ्या जेरो सुआरच्या अंगणातल्या गर्दीत उभ्या होत्या.

समोर मेन सुलीचा भाचा गेडे बसला होता. जेरोनं अंगठ्याला फडकं गुंडाळून त्याचा सुळा कोरडा केला, चोळचोळ चोळला आणि आरसा धरला.

“बघा, केवढा वर आला आतला राग!”

सुळा खरंच लांब, टोकदार दिसत होता.

“अगं बाई, म्हणून भांडतो होय हा!” कुणीतरी म्हणालं.

जेरोनं कढत आल्याचं पाणी पाजून गुळण्या करायला लावल्या.

“नम रे सुळ्या, नम रे नम! राग सोड, हो नरम!”

गेडे शहाळ्यात थुंकला. पुन्हा आरसा. टोक गायब! गर्दीनं हात जोडले.

“याच्या होणाऱ्या बायकोचं नशीब उघडलं!”

“उद्या ही पोरगी,” जेरो सुलीकडे बोट करून म्हणाला. “तोवर दाताला लोखंड लागू द्यायचं नाही. दातांच्या डॉक्टरची तर पायरीसुद्धा चढायची नाही.”

मेन सुलीच्या मनात पाल चुकचुकली. दुखऱ्या दाढेवर एवढा पहारा कशाला?

रीतीप्रमाणे ते शहाळं देवघरामागे पुरायचं काम आत्याचं, म्हणजे तिचंच. खड्डा खणला, पण हात थबकला. दाताची भुकटी तळाशी बसते. इथे पांढरे कण वर तरंगत होते, निवून एकमेकांना चिकटले होते. तिनं एक नखावर घेतला. मधाच्या पोळ्याचा वास, मेण! शहाळं पदराखाली धरून ती तडक बाजारातल्या दातांच्या डॉक्टर सुदार्नींकडे गेली.

दुसऱ्या दिवशी जेरोनं सुलीचा सुळा चोळून आरसा धरला, तोच डॉक्टरबाई स्वतः अंगणात आल्या.

“जेरो, मंत्राआधी या मुलीचा सुळा मला पुसू द्या.”

“लोखंड! देव कोपेल!”

“हातात कापूस आहे, जेरो. कापसालाही देव भितो का?”

गर्दीत खसखस पिकली. जेरो बाजूला होईना, तेव्हा डॉक्टरबाईंनी मेणात तांदळाची पिठी मळून स्वतःच्या सुळ्याला टोक काढलं, आरसा फिरवला, मग कढत चहाची गुळणी केली. टोक गेलं.

“मंत्र म्हणायचा राहिलाच की!” गेडे ओरडला, आणि हसता हसता त्याचा हात आपल्याच सुळ्यावर गेला. सुळा मुळात होता तसाच होता. जेरो पूजेचं ताट उचलून आत सटकला.

“समारंभ करा, देवाला फुलं वाहा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण दात हाडापेक्षा कठीण, तो मंत्रानं वाकत नाही. चमत्कार दिसला की आधी पुसून बघा, मग हात जोडा. सुली, दाढ आज बघू. सुळे नंतर, अगदी वरवर घासू.”

सुली मागे सरली.

“तो खोटा, कबूल. पण तुम्ही तरी खरं बोलता का? मेमे,” ती आईकडे वळली, “तू म्हणतेस कानस दुखत नाही. मग गार पाणी पिताना डोळे का मिटतेस?”

गर्दीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. सगळ्या आपापल्या दिवशी हसल्या होत्या. दुखलं न सांगण्याच्या याच रीतीवर जेरोचं दुकान चाललं होतं, हे मेन सुलीला त्या क्षणी कळलं.

तिनं लेकीचा सुजलेला गाल ओंजळीत घेतला.

“दुखलं होतं गं,” ती म्हणाली. “फार दुखलं होतं. अजूनही दुखतं.”