निम्म्या किमतीचे बूट

बुटांच्या दुकानात शिरताना पायातलं काढून दारात ठेवणारी बाई त्या दिवशी अख्ख्या सोलापुरात एकच असेल. मायाक्का. आणि तिचं काही चुकलं नव्हतं. दाराला झेंडूचं तोरण, उंबऱ्यावर नुकताच फोडलेला नारळ, आत तोंड दिसेल अशी फरशी. असल्या जागी वहाणा घालून कोण जातं? तिनं काढल्या, तिचं बघून विजयमालानं काढल्या, आणि मायलेकी अनवाणी आत गेल्या. काउंटरमागच्या पोरी फिस्सकन हसल्या.

"मावशी, देवळात नाही आलाय," मालक म्हणाला. विरेश त्याचं नाव. केसाला जेल, गळ्यात इष्टलिंगाचा शिवदारा, अंगावर दुकानाच्या नावाचा टी-शर्ट. "चपला घालून या की."

"असू दे की बाबा. नवी फरशी हाय, खराब हुईल."

विरेशनं एका पोरीला डोळ्यानं खुणावलं. तिच्या हातात काठीला लावलेला मोबाईल होता. तो त्या क्षणापासून चालू झाला, हे मायाक्काला कळलं नाही.

भरतीचं मैदान नऊ दिवसांवर आलं होतं. विसाव्या वर्षी विजयमालाला पोलीस व्हायचं होतं, आणि त्याआधी आठशे मीटर धावून दाखवायचे होते. ती मुरमाच्या वाटेवर अनवाणी धावायची. टाच इतकी फुटली होती की मागच्या आठवड्यात रक्ताचे ठसे उमटले. म्हणून बूट. बाप बिरप्पा मेंढरं घेऊन मुलखावर गेलेला, पावसाळ्याच्या तोंडाला परतणार. तोवर घरात राज्य दिराचं. अजिनाथनं माळशिरसकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं, आणि फॉर्म भरल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा खाकी अंगावर चढली की अजिनाथच्या बापाच्यानंही काही झालं नसतं. तोवर मात्र तोंडाला कुलूप.

बायकांचे बूट विजयमालाच्या पायात जाईनात. अनवाणी पायाची बोटं पसरलेली असतात. असला पाय बूट बनवणाऱ्यांनी कधी बघितलेलाच नसतो. शेवटी गड्यांच्या बुटातला एक करडा जोड बसला. तळ नारिंगी. विजयमाला उठली, दोन पावलं चालली, मग दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत जाऊन आली.

"आये, पाय भुईला लागतोय असं वाटतच न्हाय."

मायाक्कानं किंमत विचारली आणि कमरेच्या पिशवीवरचा हात काढून घेतला. दोन कोंबडे विकून आणलेले पैसे निम्म्यालासुद्धा जेमतेम पुरत होते.

विरेश हे सगळं बघत होता. दुकानदाराला गिऱ्हाइकाचा खिसा कापडातून दिसतो. "मावशी, आज उद्घाटनाची ऑफर आहे. दोन मिनिटं रील करायची, आम्ही विचारू त्याची उत्तरं द्यायची. बूट निम्म्या किमतीत तुमचे."

"नको आये," विजयमाला म्हणाली.

"गप गं. दोन मिनिटानं काय झिजतं?"

मोबाईल समोर आला. विरेशनं गोड आवाज काढला. "मावशी, बूट कुणासाठी?"

मायाक्काला तिच्या लेकीबद्दल आजवर जगानं एकच प्रश्न विचारला होता: कधी उजवताय? आज पहिल्यांदा कुणीतरी दुसरं काही विचारलं, तेही चारचौघांत, मावशी म्हणून. बाई फुलली.

"माज्या लेकीसाठी. पोलीस हुणार हाय ती."

"अरे वा! सराव कुठं करते?"

"गंमतच हाय की ती. तिच्या चुलत्याला पत्ता न्हाय! पहाटं डबा घिऊन परसाकडं म्हणून निघती. डबा बाभळीखाली ठिवती आन् सुटती! पार कॅनॉलपतोर. चुलता म्हणतो, पोरीचं पोट बिघडलंय का काय, लई येळ लागतो हिला!"

दुकान खदाखदा हसलं. मायाक्काही हसली. विजयमालानं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की हसू तिथंच तुटलं.

"हे टाकू नका," विजयमाला विरेशला म्हणाली. "बाकी कायबी टाका. डब्याचं आन् चुलत्याचं नको. घरात कळलं तर सगळं संपलं."

"अगं ताई, तेवढं कापतो. सिद्धरामेश्वराची शपथ."

शपथ घेताना त्याचा एक हात गळ्यातल्या शिवदाऱ्यावर होता.

मंगळवेढ्याला गाडी बदलून दोघी गावच्या फाट्यावर उतरल्या तेव्हा दिवस कलला होता. पानटपरीवरच्या टोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "आली रं, डबा एक्सप्रेस आली!" दुसऱ्यानं तोंडानं गाडीची शिट्टी वाजवली. विजयमालानं बुटांची पिशवी पाठीमागं धरली.

विरेशनं कापलं होतं, पण बाकीचं सगळं. अनवाणी आत येणं आणि डब्याचं, एवढंच ठेवलेलं. मागं ढोलकी, वर हसून डोळ्यांतून पाणी काढणारी चिन्हं, आणि नाव, 'डबा एक्सप्रेस'. दुपारपर्यंत हजारो लोकांनी बघितलं. किती गोड मावशी, असं शेकड्यांनी लिहिलं. हिचं आता घरी काय होईल, असं एकाही भडव्यानं लिहिलं नाही.

अजिनाथ ओसरीवर बसला होता. हातात मोबाईल, त्यातून मायाक्काचाच आवाज येत होता. तो ओरडला नाही. त्यानं हात उगारला असता तर मायाक्का आडवी पडली असती. तेवढी तिची तयारी होती.

"वहिनी," तो म्हणाला, "पोरीचं पोट बरं हाय का आता?"

"भावजी, माजं आयका..."

"आयकलं की. सगळ्या जिल्ह्यानं आयकलं."

विजयमाला आत धावली. पत्र्याची पेटी उघडी पडली होती. मार्कलिस्ट, जातीचा दाखला, आधार, हॉल तिकीट, काही नव्हतं.

"तात्या, माजी कागदं कुटं हायत?"

"माळशिरसला. पाव्हण्याकडं धाडली. जिथं नांदायचं तिथं आदी कागदं गेल्याली बरी." त्यानं पिशवीत डोकावलं. "बूट ऱ्हाऊ दे. निम्म्या किमतीत घावल्यात म्हणं."

बिरप्पाचा फोन तिसऱ्या दिवशी लागला. मेंढरांच्या कलकलाटातून तो म्हणाला, अजिनाथ म्हणंल तसं करा. सुपारी ठरली.

मैदानाच्या दिवशी मायलेकी तरीही निघाल्या. डबा घेऊन निघाल्या, बाभळीखाली ठेवला आणि फाटा गाठला. काय करणार होत्या ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. विजयमालाच्या पायात बूट होते. नेट कॅफेतून हॉल तिकिटाची नवी प्रत तेवढी मिळाली होती.

गेटवर एक बाई कॉन्स्टेबल बसली होती. तिनं वर बघितलं आणि तिचं तोंड उजळलं. "अगं, तू ती रीलवाली ना? आणि या मावशी! आमच्या घरात सगळ्यांनी बघितली."

"मॅडम, मग सोडा की आत. मीच ती."

"ओरिजनल कागदं?"

"न्हाईत. चुलत्यानं..."

बाईचं तोंड उतरलं. खरंच उतरलं. "मग कसं गं सोडू? तू कोण हे मला ठाऊक असून चालत नाही, कागदाला ठाऊक पाहिजे. रांग सोड. मागच्या पोरींना येऊ दे."

अख्खा जिल्हा तिला ओळखत होता, आणि ती कोण हे सिद्ध करायला तिच्याजवळ काही नव्हतं.

आत शिट्टी वाजली. पहिली तुकडी सुटली. बहुतेक पोरी अनवाणीच होत्या. विजयमाला जाळीला तोंड लावून बघत राहिली. तिची पावलं जागच्या जागी हलत होती, आणि ते तिच्या लक्षातही नव्हतं.

गेटबाहेर एका भरती अकॅडमीचा माणूस जाहिरातीचे कागद वाटत होता. त्यानंही ओळखलं. धावतच आला, मोबाईल काढला. "मावशी! एक मिनिट. ते डब्याचं परत म्हणा की. चुलत्याला कळलं का शेवटी?"

मायाक्कानं पदर खोचला.

"काढतोस? काढ. चालू झालं का? व्हय, कळलं. त्याचं नाव अजिनाथ. पोरीची कागदं त्यानं माळशिरसला दडवल्यात, लगीन लावतोय जबरीनं. बाप व्हय म्हणाला. ज्यानं शपथ घिऊन हे टाकलं त्याचं नाव विरेश, बुटाचं दुकान हाय त्याचं. आन् माजं नाव मायाक्का. म्याच बोलले सगळं, माज्याच तोंडानं. आता हे बी टाक. हास की, हासंना का आता?"

माणसाचा हात खाली आला. इकडंतिकडं बघत त्यानं मोबाईल खिशात घातला.

"तसलं नको मावशी," तो म्हणाला. "तसलं कोण बघत नाही."

आणि उरलेले कागद छातीशी धरून तो रांगेतल्या पोरींकडं निघून गेला.